डीन गुड्स इंजिनाच्या क्रँक आसाविषयी मदत हवी आहे
नमस्कार. ब्रिटनमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या स्विंडन कारखान्यात १८८३ ते १८९९ या काळात बांधलेल्या २६० ‘डीन गुड्स’ वाफेच्या इंजिनांचा अभ्यास करताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. सहाही चाके जोडलेल्या या मालगाडीच्या इंजिनात दोन्ही सिलिंडर चौकटीच्या आत, धूरपेटीखाली (बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या पेटीखाली) होते. त्यामुळे पिस्टनचा सारा जोर मधल्या क्रँक आसावर (पिस्टनच्या दांड्यांनी फिरणाऱ्या, मध्ये वाकवलेल्या आसावर) येई, आणि त्या आसाला बारीक तडा गेला तर तो बाहेरून सहज नजरेस पडत नसे. तरीही यांतली कित्येक इंजिने दोन्ही महायुद्धांत परदेशी राबली आणि शेवटचे १९५७ पर्यंत सेवेत राहिले, ही मला त्या रचनेची मोठीच पावती वाटते.

रोज तेल देताना क्रँकची बेअरिंग हाताशी यावीत म्हणून इंजिन नेमके कोणत्या स्थितीत उभे करत? रुळांमधल्या खड्ड्यात उतरून खालून तेल देत की चौकटीवरून आत शिरून? आणि तडा कसा ओळखत? आपल्याकडच्या ब्रॉडगेजवरील एसजी (स्टँडर्ड गुड्स) वर्गाच्या मालगाडीच्या इंजिनांचे सिलिंडरही आतच असत. त्यामुळे वाफेच्या शेडमध्ये काम केलेल्या किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून हे ऐकलेल्या सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.