‘रेडियल’ इंजिनाला मराठीत काय म्हणावं?

जुन्या छोट्या विमानांच्या इंजिनांवर मुलांसाठी लिहितो आहे. एका भाषांतरात ‘रेडियल’ आणि ‘रोटरी’ या दोन्हींना ‘चक्राकार इंजिन’च म्हटलेलं दिसलं. हे चालेल का? ‘त्रिज्यीय’ मुलांच्या जिभेवर बसत नाही.

—

‘चक्राकार’ नकोच, दोन्हींतला फरकच पुसला जातो. ‘अरीय’ घ्या. अर म्हणजे चाकाचा आरा. बैलगाडीचं चाक आठवा: मधोमध तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे. रेडियल इंजिनात तुंब्याच्या जागी क्रँककेस, म्हणजे क्रँक या वाकड्या दांड्याची पेटी, आणि आऱ्यांच्या जागी सिलिंडर. सगळे दट्टे (पिस्टन) आतल्या एकाच क्रँकला जोर देतात. मुलांना ‘आऱ्यांचं इंजिन’ म्हणा, लगेच चित्र उभं राहील.

—

पण गाडीचे आरे चाकाबरोबर फिरतात. रेडियलचे सिलिंडर जागचे हलत नाहीत. मग हा शब्द रोटरीलाच जास्त शोभत नाही का?

—

शंका रास्त आहे. ‘अरीय’ मांडणी सांगतो, गती सांगत नाही. त्या अर्थी 7 सिलिंडरचं, 50 अश्वशक्तीचं नोम ओमेगा हे रोटरी इंजिनही अरीयच. पण त्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे क्रँकचा दांडा, विमानाला पक्का जखडलेला असे आणि सिलिंडरच प्रोपेलरसकट गरगर फिरत. त्याला सरळ ‘फिरत्या सिलिंडरांचं इंजिन’ लिहा. नुसतं ‘रोटरी’ म्हटलं की मोटारीतलं वान्केल आठवतं, आणि त्यात तर दट्ट्याच नाही.

फ्रेंच वैमानिक ब्लेरिओबद्दल लिहाल तेव्हा मात्र जपून. 25 जुलै 1909 ला तो इंग्लिश खाडी ओलांडून गेला ते आन्झानी या इंजिन बनवणाऱ्याच्या 25 अश्वशक्तीच्या इंजिनावर. त्याचे तिन्ही सिलिंडर वरच्या अंगाला, उघडलेल्या जपानी पंख्याच्या काड्यांसारखे. खाली एकही नाही. मी त्याला अरीय म्हणणार नाही. आन्झानीने पुढे तीन सिलिंडर 120 अंशांवर सारख्या अंतराने बसवले, ते खरं अरीय.

आणखी एक. आपला ‘एकाआड एक’ इथे चपखल बसतो. आर्मस्ट्राँग सिडली या ब्रिटिश कंपनीच्या 5 सिलिंडरच्या जेनेटसारख्या इंजिनात पेटण्याचा क्रम 1-3-5-2-4. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून एक सोडून एक. सिलिंडर 4 असते, तर 1-3 नंतर पुन्हा 1 वरच येऊन 2 आणि 4 कोरडे राहिले असते. एका वर्तुळातले सिलिंडर विषम का, हे मुलांना कागदावर पाच ठिपके काढून बोटाने मोजायला लावा.