डॉक्टर होते, पण कोणाचे?

'तुरुंगात डॉक्टर होता, दवाखाना होता, मग कैद्यांचे एवढे हाल कसे?' हा इंग्रजांच्या काळातल्या, विशेषतः अंदमानच्या, तुरुंगांबद्दलचा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर १८९४ च्या तुरुंग कायद्यातच सापडतं. कागदावर तो वाईट नाही. कामावरच्या कैद्याचं वजन दर पंधरा दिवसांनी त्याच्या तिकिटावर (म्हणजे त्याच्या नोंदपत्रकावर) नोंदवायचं, असंही त्यात आहे. पण बरं नसलेल्या कैद्याचं नाव आधी पहारेकऱ्याने जेलरला कळवायचं, मग पुढे डॉक्टरकडे. म्हणजे दुखणं खरं की सोंग, याचा पहिला निवाडा ज्याला कोलूचं (कैद्यांना ओढायला लावलेल्या घाण्याचं) तेल मोजून घ्यायचंय त्याच्याच हातात!

त्याहून बोचणारं कलम फटक्यांचं. डॉक्टरने तपासून 'सोसू शकेल' असा दाखला दिल्याशिवाय फटके मारता येत नसत. दिसायला संरक्षण, प्रत्यक्षात शिक्षेवर डॉक्टरची सही. शिवाय बऱ्याच ठिकाणी सिव्हिल सर्जनच (जिल्ह्याचा सरकारी डॉक्टर) तुरुंगाचा अधीक्षक असे, मग दाद मागायची कुणाकडे?

अंदमानात १९३३ च्या मे महिन्यात उपोषण करणाऱ्या क्रांतिकारक महावीर सिंहांना धरून, नाकातून नळी घालून दूध पाजायला गेले. दूध फुफ्फुसात गेलं आणि ते दगावले. मोहन किशोर नमोदास आणि मोहित मोइत्र हेही त्याच उपोषणात गेले. नळी घालणं हे तिथे 'उपचार' या सदरात मोडत होतं, हे विसरू नका.

त्याच्या कितीतरी आधी अंदमानातच क्रांतिकारक उल्लासकर दत्तांना तर हातकड्यांत टांगून ठेवलं, तापाने फणफणले, आणि पुढे वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं.