मदत हवी आहे: लेक सोरोरिटीत गेली, शनिवारी कार्यक्रम, रंग आणि चिन्हं कोणती?

मुक्काम_मेरीलँड
लेक कॉलेजात सोरोरिटीत, म्हणजे तिथल्या मुलींच्या मंडळात, गेली. शनिवारी कार्यक्रम आहे, घरच्यांनाही बोलावलंय. तिला विचारावं तर "आई, तू फक्त ये" एवढंच उत्तर. भेट काय न्यावी, कोणता रंग चालत नाही, त्यांची चिन्हं काय, पटकन सांगा. मोत्यांचं काहीतरी असतं म्हणे. निबंध नकोत, प्लीज.

ओहायोकर
कोणती सोरोरिटी? कोणतं कॉलेज? नावात दोन-तीन ग्रीक अक्षरं असतात, ती लिहा.

मुक्काम_मेरीलँड
अल्फा काहीतरी. गुलाबी आणि हिरवा.

ओहायोकर
अल्फावाल्या ढीगभर आहेत. अल्फा डेल्टा पाय निळी-पांढरी, अल्फा काय ओमेगा लाल आणि ऑलिव्ह हिरवी. गुलाबी-हिरवा म्हणाल तर डेल्टा झीटाचाही तोच, १९०२, मायामी विद्यापीठ (फ्लोरिडातलं नव्हे, आमच्या ओहायोतलं). कॉलेज सांगा.

चिंचगुळेची
'सोरोरिटी' हा शब्द सिरॅक्यूज विद्यापीठातल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी, फ्रँक स्मॉली यांनी, १८८२ मध्ये गॅमा फाय बीटा या संस्थेसाठी सुचवला. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. त्याआधीच्या संस्था स्वतःला 'विमेन्स फ्रॅटर्निटी' (बायकांचं बंधुमंडळ) म्हणवायच्या, काही अजूनही तेच लावतात. म्हणजे आपलं भगिनी मंडळच!

मुक्काम_मेरीलँड
हे कुणी विचारलं होतं? हॉवर्ड, वॉशिंग्टनचं. सांगितलं नव्हतं का?

रात्रपाळी
नव्हतं सांगितलंत. हॉवर्ड आणि गुलाबी-हिरवा म्हणजे अल्फा काप्पा अल्फा, एकेए. १५ जानेवारी १९०८ ला तिथेच सुरू झाली. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी काढलेली पहिली ग्रीक-अक्षरी सोरोरिटी.

रंग: सॅमन पिंक आणि ॲपल ग्रीन. हा राणी रंग नाही, फिकट गुलाबीला नारिंगी झाक असते. हिरवाही बॉटल ग्रीन नाही, पोपटीच्या जवळचा. दुकानात जाताना फोटो घेऊन जा, नुसतं 'गुलाबी' म्हणालात तर हमखास राणी गळ्यात पडेल.

चिन्ह आयव्हीचं पान, फूल गुलाबी टी रोझ. मोती २०, कारण संस्थापक २० धरतात: मूळच्या ९, त्याच वर्षी घेतलेल्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या ७, आणि १९१३ मध्ये संस्थेची कायदेशीर नोंदणी करणाऱ्या ४. घाई आहे तर २० गुलाबी गुलाब न्या, चुकायची भीती नाही. अक्षरं छापलेला टी-शर्ट तुम्ही स्वतः घालू नका. अक्षरं फक्त दीक्षा घेऊन सदस्य झालेल्यांची. त्यांची 'स्की-वी' ही आरोळीही तुम्ही द्यायची नाही, टाळ्या वाजवा.

तेरडा
नोंदणीचं अर्धंच सांगितलंत. १९१२ मध्ये एकेएतल्याच विद्यार्थिनींना नाव, रंग, चिन्हं सगळं बदलायचं होतं आणि नुसत्या कॉलेजातल्या उपक्रमांपेक्षा समाजात उतरायचं होतं. नेली क्वांडर या माजी विद्यार्थिनीनं विरोध केला. मग २२ जणी बाहेर पडल्या आणि १३ जानेवारी १९१३ ला डेल्टा सिग्मा थीटा काढली. दोन महिने व्हायच्या आत, ३ मार्चला, त्या वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात चालत होत्या. काम ते. एकेए मागे मोती मोजत बसली.

रात्रपाळी
क्वांडर यांनी २९ जानेवारी १९१३ ला नोंदणी केली नसती तर नावच पुसलं गेलं असतं. आणि 'मोती मोजत' काय? १९३५ चा मिसिसिपी आरोग्य प्रकल्प कुणाचा? डॉ. डोरोथी फेरेबी प्रमुख. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत सोडेनात, तेव्हा या बायकांनी मोटारींतून दवाखानाच मळ्यावर नेला. ब्रीद 'संस्कृतीनं आणि गुणवत्तेनं' असं आहे, ते वाचायचं कसं हे यावरून कळतं.

मुक्काम_मेरीलँड
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. मोत्यांचा हार करून घ्यायचा विचार आहे. २० मोत्यांचा होतो का?

मोतीचूर
सलग ओवला तर होत नाही. ४५ सेंमीच्या हाराला ७ मिमीचे साठाच्या वर मोती लागतात. २० च हवेत तर अंतर सोडून ओवायचे. हिशेब: ८ मिमीचे २० मोती म्हणजे १६ सेंमी. फाशाकडे (हार अडकवायची कडी) दोन्ही बाजूंना ३-३ सेंमी मोकळे सोडा. उरले २३ सेंमी, मोत्यांमधल्या १९ जागांत वाटा, प्रत्येकी साधारण १.२ सेंमी.

रेशमी दोरा, प्रत्येक मोत्याच्या दोन्ही बाजूंना गाठ, म्हणजे ४० गाठी. दोरा हाराच्या किमान तिप्पट लांब घ्या, गाठी खूप खातात. घोटाळा दोन ठिकाणी होतो. मोत्याचं भोक मोठं आणि दोरा बारीक असला की गाठ आत शिरते आणि मोती घसरून शेजारच्याला चिकटतो. म्हणून आधी एका मोत्यावर गाठ मारून ओढून बघा. दुसरं, फाशातही मोती असला तर तो एकविसावा होतो. फासा साधा घ्या.

गोदाकाठ
एवढा खटाटोप कशाला? चांदीचा गणपती द्या. शुभ असतो.

तेरडा
हत्ती डेल्टावाल्यांचा लाडका आहे! अधिकृत चिन्ह नसेल, पण त्यांच्या कपाटात सोंड वर केलेले हत्ती दिसतीलच.

गोदाकाठ
गणपती म्हणजे हत्ती नव्हे.

ओहायोकर
ते तुम्हाला ठाऊक. पोरीच्या मैत्रिणी सोंडच बघणार.

चिंचगुळेची
मोती म्हणजे एकेए असंही नाही. झीटा फाय बीटा (१९२०, हॉवर्डच, निळी-पांढरी, कबुतर) आपल्या पाच संस्थापकांना 'पाच मोती' म्हणते. कमला हॅरिस मोती घालतात ते मात्र एकेएचे, त्या हॉवर्डच्याच.

मुक्काम_मेरीलँड
लॉकेटवर अक्षरं कोरून घेतली तर? देणार लेकीलाच. सोनार आपलाच आहे.

रात्रपाळी
लेकीला चालेल, पण कार्यक्रमाच्या आधी देऊ नका. दीक्षा पूर्ण झाल्याचं तिच्या तोंडून ऐका, मगच. आणि सोनाराला अक्षरं मोठी काढून द्या. अल्फाची आडवी रेघ मधोमध असते. तीच तळाला गेली की डेल्टा, अजिबात नसली की लॅम्डा. नक्षीदार वळणात नेमकी ही रेघ खाली सरकते किंवा उडते. एकेएच्या लॉकेटवर डेल्टा आला तर पोरगी ते गळ्यात घालायची नाही.

मुक्काम_मेरीलँड
बरं. लॉकेट नंतर, हार आणि गुलाब आता. शेवटचं: डाळिंबी पैठणी नेसणार आहे. चालेल ना?

तेरडा
चालेल की! डाळिंबी म्हणजे आमचा क्रिमझन. स्वागत आहे.

रात्रपाळी
आईच्या साडीला कुणी काही म्हणणार नाही. फक्त त्यावर मोतिया ब्लाउज घालू नका. क्रिमझन आणि क्रीम ही डेल्टाची जोडी, फोटोत लेकीच्या शेजारी तेच उठून दिसेल.

मुक्काम_मेरीलँड
ब्लाउज मोतियाच शिवलंय.

मोतीचूर
पैठणीचे काठ हिरवे आहेत का? मग कपाटातलं हिरवं काढा. आणि हार आजच टाका ओवायला, शनिवार तीन दिवसांवर आला.