ग्रीन कार्डधारकाशी लग्न : तारीख आणि नाव

दारव्हा तालुक्यातील एकांच्या भाचीचे लग्न ग्रीन कार्डधारकाशी, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना असलेल्या मुलाशी, व्हायचे आहे; लग्नानंतर तिला पर्यटक व्हिसावर अमेरिकेला पाठवावे, असा सल्ला त्यांना कुणीतरी दिला आहे, तो मला धोक्याचा वाटतो. कारण नवऱ्याने आय-१३० हा पत्नीला कायमचे नेण्यासाठीचा अर्ज भरला की तिचा कायम वास्तव्याचा हेतू नोंदला जातो आणि पर्यटक व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता बरीच वाढते.

अमेरिकी नागरिकाच्या पत्नीसाठी कायम वास्तव्याच्या व्हिसांच्या संख्येवर वार्षिक मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाची पत्नी मात्र एफ२ए या मर्यादित वर्गात येते आणि तिची रांग अमेरिकी सरकारच्या दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिन या पत्रकाप्रमाणे सरकते. नवऱ्याला नोकरीमार्फत ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वीच लग्न झाले असते, तर ती त्याच्याच अर्जाच्या आधारे मागाहून जाऊ शकली असती. आता तो नागरिक झाल्यास, ज्याची पात्रता साधारणपणे ग्रीन कार्डनंतर ५ वर्षांनी येते, तिच्यावरील ही मर्यादा उठेल.

व्हिसाच्या कागदपत्रांसाठी लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडे लगेच करून घ्यावी. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची जी रीत आहे, ती कागदोपत्री तरी टाळावी. आमच्या घरात जन्मदाखल्यावर एक, टीसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) दुसरे आणि विवाह प्रमाणपत्रावर तिसरेच नाव निघाल्याने प्रतिज्ञापत्रे करण्यातच कित्येक महिने गेले.