रेडिओवर सापडलेले मित्रांना पाठवावे की पाठवू नये?

पहाटपाळी

गेल्या आठवड्यात 'एकच वेळ' यांनी येथे एक लेख टाकला. त्याचा सारांश असा, की रेडिओ ज्या क्षणी लागतो त्याच क्षणी ऐकायचा असतो, आणि जे लोक कार्यक्रम मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मित्रांच्या गटात टाकतात ते 'उष्ट्याचे वाढपी' होत. हा शब्द वाचून मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी राहवले नाही.

मी असाच वाढपी आहे. सकाळी साडेसातला विविध भारतीवर 'संगीत सरिता' लागते. एखादे दिवशी कुणी जाणकार भैरव रागातला कोमल रिषभ (उतरलेला 'रे') आणि तोडीतला कोमल रिषभ एकामागोमाग एक लावून दाखवतो आणि जन्मभर ऐकलेल्या दोन रागांमधली भिंत आपल्याला प्रथमच दिसते. तेवढा तुकडा मी नाशिक, बेळगाव आणि न्यू जर्सी येथील तीन जुन्या मित्रांना पाठवतो. सोबत एक वाक्य लिहितो, अधिक नाही. नऊ वर्षे हे चालले आहे.

हे पाप नवे आहे का? १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित झाली. माझी आजी शुक्रवारी सकाळी वही-पेन्सिल घेऊन शेजाऱ्यांच्या रेडिओपुढे बसत असे. ऐकता ऐकता उतरेल तेवढे उतरवायचे, सुटलेल्या ओळी शनिवार-रविवारच्या पुनःप्रसारणात भरायच्या, आणि मग ती वही वाड्यात फिरायची. वही परत आली तेव्हा तिच्यावर तीन घरांच्या हळदीचे डाग होते, असे आई सांगते. पुढे आमच्याकडे टू-इन-वन आला. त्याचे तांबडे बटण आणि शेजारचे बटण एकदम दाबून मी केलेल्या एका कॅसेटमध्ये अंतऱ्याच्या ऐन मध्यावर कुकरची तिसरी शिट्टी आहे. तीच कॅसेट इंदूरच्या मामेभावाने घासून घासून ऐकली आणि आजही तो ते गाणे म्हणताना तेथे क्षणभर थांबतो. आम्हा सर्वांना वाढपी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण आजीपासून सुरुवात करा.

एकच वेळ

आजींची वही मध्ये आणली म्हणजे वाद जिंकला, असे आपण समजू नये. ती वही भरण्यासाठी त्यांना रेडिओसमोर तीन तीनदा बसावे लागले. आपल्या मित्रांना पडद्यावर अंगठा उमटवण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही.

माझे वडील शेवटच्या आजारात इस्पितळात होते. शेजारच्या खाटेवर एक अनोळखी गृहस्थ होते आणि त्यांच्या उशाशी मुठीएवढा ट्रान्झिस्टर असे. रात्री दहाला 'छायागीत' लागले, की परिचारिका दुसरीकडे पाहत असे. एका रात्री निवेदकाचे वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचे गाणे कोणते असणार हे दोघांनीही ओळखले, आणि आठ दिवस एकमेकांशी न बोललेली ती दोन माणसे एकाच वेळी गुणगुणू लागली. हे कुणी मुद्रित करून मला पाठवून दाखवावे.

दुसरे असे की तुकडे वाटण्याने रेडिओ जगतो हा मोठाच भ्रम आहे. २०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, त्यावर गहजब झाला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. त्या आठवड्यात माझ्या गटातील सतरा जणांनी निषेधाचा मजकूर पुढे पाठवला. तेव्हा मी एवढेच विचारले, की या बातम्या सकाळी नेमक्या किती वाजता लागतात? दोघांना सांगता आले.

लाल दिवा

आपण दोघेही ऐकणाऱ्यांच्या बाजूने बोलत आहात. मी काचेच्या पलीकडून बोलते. एका केंद्रावर मी सोळा वर्षे नैमित्तिक उद्घोषक होते, म्हणजे महिन्याला मोजक्या पाळ्या, पाळीमागे मानधन, आणि दिवाळीच्या पहाटे हमखास आम्हीच. पाठवा किंवा पाठवू नका, मला त्याचे सुखदुःख नाही. पण पाठवताना सुरुवात का कापता?

गेल्या वर्षी माझ्या भाचीने मला एक ठुमरी पाठवली. खाली लिहिले होते, 'अज्ञात कलाकार, बहुधा आकाशवाणी'. पहिल्या आलापाला माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या मुद्रणाच्या वेळी उद्घोषणा मीच केली होती. गायिका कोण, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, ही चौदा सेकंदांची उद्घोषणा. सारंगीवादकांच्या आडनावातील 'च' 'चमचा'तला की 'चहा'तला, हे मी स्टुडिओच्या दाराशी त्यांनाच विचारून कागदावर खूण करून घेतली होती. आपले नाव आजवर कुणी नीट उच्चारले नाही, असे ते हसून म्हणाले होते. ते आता नाहीत. ठुमरी गावोगाव फिरते आहे आणि त्यांचे नाव तेवढे कुणीतरी कंटाळवाणे म्हणून कापले आहे.

पहाटपाळी, आपण पाठवता त्या तुकड्यांत सुरुवात असते का?

पेटीवाला नातू

निदान सारंगीवादकांचे नाव एकदा तरी उच्चारले गेले. माझ्या आजोबांचे कधीच गेले नाही, कारण पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, रेडिओवर प्रवेशच नव्हता. आमच्या गावात त्यांच्या पेटीवाचून बैठक होत नसे. १९६१ साली ते ज्यांना साथ करत त्या गायकांना एका केंद्राचे करारपत्र आले. एसटीचे भाडे दोघांनी मिळून काढले. गायक आत गेले, केंद्राचा सारंगीवादक आत गेला आणि आजोबा मांडीवर पेटी घेऊन बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसले. ज्या मंत्र्यांनी चित्रपटगीते सोवळ्याबाहेर ठेवली त्यांनीच पेटीही ठेवली, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे आठवणींचे अत्तर शिंपडणाऱ्यांनी तेही एकदा लिहावे.

तारखा तपासा

सर्वांना ठाऊक आहे ते चुकीचे आहे. पेटीवरील बंदी १९४० ची, म्हणजे इंग्रजांच्या अमलातली. त्या वेळी ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन होते, आणि रवींद्रनाथ ठाकुरांसारखे थोर लोकही पेटीच्या विरोधात होते. आक्षेप असा, की पट्ट्यांचे स्वर ठरलेले असतात, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, काढता येत नाही आणि श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचा, बारकावा दाखवता येत नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले ते १९५२ मध्ये. चित्रपटगीतांना केलेली बंदी त्यांच्या खात्यावर अवश्य लिहा. त्यामुळे श्रोते चित्रपटगीते लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे गेले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली, हेही लिहा. मात्र राष्ट्रीय संगीत कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन त्यांच्याच काळातले आहेत. पेटीला साथीपुरते दार उघडले ते १९७१ मध्ये.

पेटीवाला नातू

तारीख चुकली, मान्य. आपण ती शोधून काढलीत याबद्दल आजोबांच्या वतीने आभार मानतो, बाकावरून. पण दहा वर्षे किल्ली हातात असूनही ज्याने कुलूप काढले नाही त्याला कुलूप घालणाऱ्याहून मी वेगळा का समजावा? आणि मींडेचे म्हणाल, तर भाता कसा सोडावा आणि बोट कधी उचलावे हे ज्यांनी कधी जवळून पाहिले नाही, त्यांनीच ती बंदी घातली आणि त्यांचेच वारस आज येथे श्रुती शिकवत आहेत.

तंतकार

माझे काका एका केंद्रावर सारंगीचे स्टाफ आर्टिस्ट होते. त्या पगारावर सात माणसे जेवत. पेटी बाहेर होती म्हणून सारंगीची चूल पेटत होती, हे कटू असले तरी खरे आहे. सारंगी जुळवायलाच अर्धा तास लागतो. तीन मुख्य तारा, खाली तीस-पस्तीस तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा, आणि नखांच्या मुळाशी पडलेले घट्टे. पेटी उघडली की तयार. मग गायकांनी सोयीचे तेच केले. पेटी आत आली आणि सारंगी हळूहळू त्याच बाकावर जाऊन बसली. तिच्यासाठी कुणी असा गळा काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पेटीवाला नातू

म्हणजे माझे आजोबा बाहेर बसले ते योग्यच झाले, असे आपले म्हणणे दिसते.

तंतकार

असे मी म्हटलेले नाही. ऐकू येत नसेल तर आवाज वाढवावा, स्टेशन बदलू नये.

कलमबहाद्दर

बाकाचा निकाल लागेपर्यंत मूळ प्रश्नाकडे वळतो. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रसारणाचे ध्वनिमुद्रण करण्यास मुभा आहे. कलम ३७ नुसार प्रसारणसंस्थेचा हक्क पंचवीस वर्षे टिकतो. दोनशे सदस्यांचा गट खासगी कसा, हे पहाटपाळी यांनी सांगावे.

पहाटपाळी

माझे मित्र तीन आहेत, दोनशे नाहीत. दोनशे मित्र असते तर सकाळी साडेसातला एकट्याने रेडिओ ऐकत बसलो नसतो.

लाल दिवा यांना उत्तर देणे जड जाते. सुरुवात नसते. तुकडा लहान व्हावा म्हणून मीच कापतो. आजवर मला यात काही वावगे वाटले नव्हते.

दूरदेशी

वर उल्लेखलेला न्यू जर्सीचा मित्र तो मी. इतकी वर्षे जे सांगायचे टाळले ते आता येथेच सांगतो. अरे, तू पाठवलेल्यांपैकी निम्मे तुकडे मी उघडलेलेसुद्धा नाहीत. दुपारच्या बैठकीत फोन पाहिला तर नऊ तुकडे रांगेत उभे असतात आणि प्रत्येकाखाली तुझे 'ऐकच'. त्यांचे ओझे होते.

ऐकले ते वेगळेच. दोन वर्षांपूर्वी तू घाईत नुसते 'लाव' असे लिहिले होतेस. मी न्यूजऑनएअर ॲपवर विविध भारती लावले. तुझ्याकडे सकाळचे साडेसात, माझ्याकडे उन्हाळ्यातले रात्रीचे दहा. भांडी घासता घासता मी तोडी ऐकली. तोडी रात्री ऐकू नये, हे मला माहीत आहे आणि त्यावर येथे कुणी नवा वाद काढू नये. शेवटच्या तानेला तू 'अहाहा' असे लिहिलेस आणि मीही त्याच क्षणी तेच लिहीत होतो. त्यानंतर मी रात्री दहाला फोन हाताशी ठेवू लागलो, पण तू पुन्हा तुकड्यांवर गेलास.

एकच वेळ

माझ्या म्हणण्याला साक्षीदार मिळाला, तोही प्रतिपक्षाच्या यादीतला. पहाटपाळी यांचा मी आभारी आहे.

पहाटपाळी

आनंद साजरा करून झाला असेल तर एक विचारतो. नाशिकचा मित्र सकाळी साडेसातला कारखान्यात पाळीवर असतो. त्याला 'लाव' असे लिहून काय उपयोग? त्याला तुकडाच जाणार. मात्र सुरुवातीसह, कितीही लांब झाला तरी. दूरदेशीला यापुढे एकच शब्द जाईल. आणि तू नऊ वर्षे अंगठे दाखवत राहिलास, त्याचा हिशेब आपण दोघे फोनवर करू.

तंतकार

लाल दिवा, ती ठुमरी आपल्याकडे अजून आहे का? सारंगी कुणाची ते मला ओळखता येईल असे वाटते. पेटीवाला नातू यांनाही पाठवावी. एरवी ते सारंगी कशाला ऐकतील?

पेटीवाला नातू

पाठवा. ऐकतो. बाकावर बसूनच ऐकतो.

लाल दिवा

आहे, पण ती चौदा सेकंदे नसलेलीच. माझ्या जुन्या फाइलमध्ये उद्घोषणेचा कागद सापडला आहे. 'च'खालची पेन्सिलीची खूण अजून दिसते. काल रात्री मी ती उद्घोषणा पुन्हा वाचून मोबाइलवर मुद्रित केली आणि ठुमरीच्या आधी जोडली. माझा आवाज पूर्वीचा राहिलेला नाही आणि मागे पंख्याची घरघर आहे. नावे मात्र चारही आहेत. ज्यांना हवी त्यांनी कळवावे.

एकच वेळ

मलाही पाठवावी. किती वाजता ऐकायची तेही लिहावे.