घरातलं नेट आणि कस्टमर केअर : तुमचे अनुभव लिहा

रंकाळा_वारा
काल फायबर जोडायला आलेल्या मुलाने भिंतीवरची जुनी तांब्याची वायर काढली आणि विचारलं, "काकू, ही टाकून देऊ ना?" मला एकदम आमचे लाइनमन दादा आठवले. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी ती ओढून दिली होती. वेग २५६ केबीपीएस! २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच तेवढी होती. पुढे रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असलेला प्लॅन घेतला, तर लेक दोनचा गजर लावून उठायची, डाउनलोड लावायची आणि परत झोपायची.

पावसाळ्यात लाइन हमखास जायची. पण दादा रिसीव्हर कानाला लावून नुसत्या खरखरीवरून सांगायचे, "वहिनी, खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी गेलंय." संध्याकाळपर्यंत सायकलवरून येऊन दुरुस्त. त्यांचा नंबर आमच्या कालनिर्णयवर लिहिलेला असायचा.

आता १०० एमबीपीएस आहे. गेल्या महिन्यात बंद पडलं तर अॅपमधला चॅटबॉट एकच सांगत राहिला, राउटर बंद करून चालू करा. मग मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे'. नेट बंदच. वेग मला हवाच आहे, पण बिघडल्यावर बोलायला माणूसही हवा, आणि तो महिन्याच्या पैशात धरलेला असायला हवा असं मला मनापासून वाटतं. लिहा तुमचंही.

माळरान
सेम टु सेम. निराकरणाचा मेसेज आला तेव्हा राउटरवरचा लॉसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लालभडक. आत्ता कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहितो.

पार्लेकर७२
तुम्ही २००५ वर थांबलात, आम्ही त्याआधीचे, फोनच्या लाइनवरून नंबर लावून नेट जोडणारे डायल-अपवाले. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्यांचं शेल अकाउंट ५०० रुपयांत २५० तास, पडद्यावर फक्त अक्षरं, चित्र नाही. चित्रं दिसणारं टीसीपी-आयपी खातं तेवढ्याच तासांना १५,००० रुपये! सुरुवातीला इतका गोंधळ झाला की कंपनीचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी चुका झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं. आज कुठल्या कंपनीचा अध्यक्ष असं समोर येतो?
आमच्याकडे मॉडेम किंचाळत जोडलं जायचं आणि नेमके बाबा हॉलमधला फोन उचलायचे. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

सुमी_दापोली
कोकणातलं लिहू का? आमची केबल झाडाझाडांवरून येते. वानरं लोंबकळतात. केबलवाला म्हणतो, "ताई, वानरांना कोण सांगणार?" पण फोन उचलतो आणि येतो, खरं सांगते.
३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवलं की अजून पोटात गोळा येतो. खांब, टॉवर, वीज, सगळं गेलं. मुंबईतल्या भावाला आम्ही सुखरूप आहोत हेसुद्धा कळवता येईना. रेंज मिळाली की माणसं गाडी कडेला लावून तिथेच उभी राहायची. जनरेटरवर मोबाइल चार्ज करून द्यायचे पैसे घ्यायला लागले होते लोक. आणि त्याच काळात पोरांची ऑनलाइन शाळा.

तात्या_मिरज
वानरं परवडली. आमच्या सोसायटीत घुशी केबल कुरतडतात. शेजारच्यांनी मांजर पाळलं, ते आता राउटरवर झोपतं कारण तिथं ऊब असते 😄

सुहास_नाशिक
रंकाळाताई, 'निराकरण' मेसेजवर गप्प बसू नका. मी कनेक्शन बंद करूनही बिलं येत राहिली, राउटरचं डिपॉझिट अडकलं, तेव्हा हे सगळं खणून काढलंय. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घ्या. तक्रार न सोडवता बंद केली तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. वेगळे पैसे लागत नाहीत. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्रं धाडून वेळ घालवू नका. दूरसंचार विभागाकडे पीजी पोर्टल या सरकारी तक्रार साइटवरून जाता येतं.
आणि ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर बोट ठेवून कंपन्या 'तिकडे जाता येत नाही' म्हणायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने जाता येतं असं स्पष्ट केलंय. अपिलात गेल्यावर माझं डिपॉझिट परत आलं.

माळरान
कुकर झाला. आयोगात वकील लागतो का हो?

सुहास_नाशिक
सक्ती नाही, स्वतः बाजू मांडता येते. आधी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून बघा, कधी कधी तिथेच मिटतं.

एडिसनची_मनू
मी न्यू जर्सीत, आई साताऱ्यात एकटी. तिचं नेट गेलं की व्हिडिओ कॉल बंद, म्हणून तक्रार मी इथून करते. ओटीपी तिच्या मोबाइलवर. तिला चष्मा सापडेपर्यंत त्याची मुदत संपते. मग ती रडकुंडीला येते, मीही. वृद्ध माणसाच्या वतीने मुलांना तक्रार करता यावी अशी सोय का नाही?
इथेही सगळं छान नाही. आमच्या भागात केबलची एकच कंपनी. कनेक्शन बंद करायला फोन केला की वेगळ्या विभागात देतात आणि तिथला माणूस सोडतच नाही.

मेघ_हडपसर
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. पुण्यात एका कस्टमर केअरमध्ये होते. समोरचा माणूस कळवळून बोलत असतो आणि आमच्या डोळ्यांसमोर घड्याळ, कॉल लांबला की टीम लीडर मागे उभा. दुरुस्तीची माणसं आमची नसायची, ठेकेदाराची. त्यांना ठरल्या वेळेत तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, बंद करायचं टार्गेट, वेळेत झालं नाही तर पैसे कापायचे. म्हणून काम व्हायच्या आधीच तिकीट बंद व्हायचं. पुन्हा फोन आला की नवं तिकीट, घड्याळ शून्यापासून. फोनवरच्या पोरींना शिव्या देऊ नका एवढीच विनंती, त्यांच्या हातात एक बटण सोडून काही नसतं.

पार्लेकर७२
मेघ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. रंकाळाताई, तुमचे लाइनमन दादा कुठे असतात आता?

रंकाळा_वारा
निवृत्त झाले. २०१९ ला बीएसएनएलची स्वेच्छानिवृत्ती योजना आली ना, ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात ७८,००० हून जास्त माणसं बाहेर पडली, त्यात तेही. कोणत्या गल्लीत कुठला जॉइंट ओला होतो हे त्यांना पाठ होतं. पुढच्यांना ते शिकवायला कुणी ठेवलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.
सुमी, तू दापोलीत कुठली गं? माझं आजोळ मुरूडचं.

सुमी_दापोली
अय्या, आम्ही कर्द्याचे! आजोळचं आडनाव विपूमध्ये (माझ्या विचारपूस पानावर) कळवा, आईला नक्की माहीत असेल.

एडिसनची_मनू
सुहासदादा, आईचं अपील भरतेय. तीच तक्रार त्यांनी दोनदा बंद केली, डॉकेट नंबर पहिला द्यायचा की नवा?

सुहास_नाशिक
दोन्ही द्या, तारखांसकट. आणि आईंच्या मोबाइलवरच्या त्या 'निराकरण' मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा, शेजारच्या कुणाकडून तरी काढून घ्या.