'खेळात राजकारण नको' हे नक्की कोणाला सांगायचं असतं?

मधली यष्टी

एखाद्या खेळाडूने मैदानाबाहेरच्या विषयावर तोंड उघडलं रे उघडलं की सगळीकडून एकच सूर लागतो, 'तू आपला खेळ बाबा, राजकारणात पडू नकोस.' मात्र उद्घाटनाला राष्ट्रप्रमुख हात हलवत उभे असतात, स्टेडियमवरून लढाऊ विमानं जातात, पदकतक्त्यात माणसांऐवजी देश मोजले जातात, तेव्हा यातल्या कोणालाच राजकारण दिसत नाही. वरून खाली आलं तर सोहळा आणि खालून वर गेलं तर राजकारण!

एव्हरी ब्रंडेज घ्या. १९३६ मध्ये हे गृहस्थ अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते. नाझी राजवटीतल्या बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कार टाका म्हणणाऱ्यांना त्यांनी खेळ आणि राजकारण वेगळं ठेवा असंच ऐकवलं आणि संघ बर्लिनला नेला. १९६८ मध्ये मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी २०० मीटरच्या पदकमंचावर वर्णभेदाच्या निषेधार्थ काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली, तेव्हा हेच ब्रंडेज आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्ष. दोघांना संघातून काढून घरी धाडलं. बर्लिनमधल्या नाझी सलामांना मात्र त्यांची हरकत नव्हती, कारण म्हणे तो त्या राष्ट्राचा सलाम होता.

आणि ग्रीसमधल्या ऑलिंपियाहून मशाल धावत आणायची ती 'प्राचीन' प्रथा? तीही १९३६ च्या बर्लिनचीच देणगी. माझं म्हणणं एवढंच की खेळात राजकारण आधीपासून बसलेलंच आहे. तक्रार फक्त खेळाडू बोलला की होते.

शेवटचा लॅप

असहमत. मी कॉलेजात असताना ४०० मीटर पळायचो, फार मोठं काही केलं नाही, पण एका हंगामासाठी शरीर किती काळ राबवावं लागतं ते ठाऊक आहे. त्यामुळे माझा प्रश्न साधा आहे, किंमत कोण मोजतं?

सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या म्हणून अमेरिकेने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावरही बंदी घातली. ती बंदी पुढचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये उठवली, कारण शेतकरी बोंब मारत होते आणि शेतकऱ्यांची मतं असतात. धावपटूंची मतं किती? त्यांचं १९८० परत कोणी दिलं नाही. फौजा अफगाणिस्तानातून बाहेर पडल्या १९८९ मध्ये. चार वर्षं घाम गाळलेल्या पोरांच्या बलिदानाने नेमकं काय साधलं, सांगा.

कोपरा स्टँड

खेळ पूर्वी पवित्र होता आणि हल्लीच बिघडला असं वाटणाऱ्यांसाठी: इसवी सन ५३२, कॉन्स्टँटिनोपल. रथशर्यतींच्या 'निळ्या' आणि 'हिरव्या' संघांचे समर्थक एकत्र आले आणि सम्राट जस्टिनियनला पदच्युत करायला निघाले. शहराचा मोठा भाग जळला, शर्यतीच्या मैदानातच हजारोंची कत्तल झाली. तेव्हा ट्विटर नव्हतं. चालू द्या तुमचं.

मधली यष्टी

@शेवटचा लॅप, धान्याचा मुद्दा फर्मास आहे, पण तो माझ्या पारड्यात पडतो. बहिष्कार खेळाडूंनी ठरवला नव्हता, सरकारने ठरवला. ब्रिटनमध्ये पंतप्रधान थॅचर बाईंनाही बहिष्कारच हवा होता, पण तिथली ऑलिंपिक संघटना सरकारला जुमानली नाही आणि खेळाडू मॉस्कोला गेले. ओव्हेटने ८०० मीटरची शर्यत जिंकली, सेबॅस्टियन कोने १५०० ची. म्हणजे 'नको' हे तेव्हा सरकारला म्हणायला हवं होतं, आणि ब्रिटिशांनी ते म्हटलं.

बहिष्काराने काहीच साधत नाही हेही मान्य नाही. वर्णद्वेषी राजवटीमुळे खेळांतून बाहेर ठेवलेली दक्षिण आफ्रिका आठवा.

शेवटचा लॅप

दक्षिण आफ्रिका येणार हे माहीतच होतं. :) ठीक, मग तिथला फलंदाज बॅरी रिचर्ड्सचं काय? चार कसोट्या, सरासरी ७२.५७, आणि १९७० मध्ये बहिष्कारामुळे कसोटी कारकीर्द खलास. पुढच्याच वर्षी केप टाउनच्या न्यूलँड्स मैदानावर सरकारच्या धोरणाचा निषेध म्हणून गोरे खेळाडू एक चेंडू झाल्यावर मैदान सोडून गेले, त्यात त्याच्याच संघातला प्रॉक्टर होता, रिचर्ड्सही होता. विरोध करून काय मिळालं? सुक्याबरोबर ओलंही जळालं.

आणि १९७४ चा टेनिसचा डेव्हिस कप. भारताने वर्णद्वेषाच्या निषेधार्थ अंतिम लढत सोडली. कप कोणाला मिळाला? ज्यांचा निषेध केला त्यांनाच, एकही चेंडू न मारता. भारताला तो आजतागायत मिळालेला नाही.

तिसरी पंच

रिचर्ड्सच्या चार कसोट्यांची हळहळ मलाही आहे. पण त्याच देशातल्या ज्या काळ्या आणि मिश्रवर्णीय खेळाडूंना शून्य कसोट्या मिळाल्या, त्यांची सरासरी कुठे शोधायची? रेकॉर्डबुकात त्यांचं पानच नाही, म्हणून हळहळही नाही. बेसिल डॉलिव्हेरा केप टाउनचा. स्वतःच्या देशाकडून खेळायची सोय नाही म्हणून इंग्लंडला गेला आणि १९६६ मध्ये पहिली कसोटी खेळला तेव्हा चौतिशीत होता. १९६८ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ काढल्या, तरी दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघातून वगळला. ओरड झाली, मग एकाला दुखापत झाल्यावर त्याला घेतलं, तर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर म्हणाले हा संघ आम्हाला चालणार नाही. दौरा रद्द.

आता सांगा, खेळात राजकारण आणलं कोणी? त्याने तर नुसत्या धावा काढल्या होत्या. 'आधी शुद्ध खेळ होता, मग बहिष्कारवाले आले' हा क्रमच खोटा आहे. रंग बघून निवड करणं हेच राजकारण, आणि ते बहिष्काराच्या कितीतरी आधीपासून सुरू होतं.

हिशोबनीस

सगळे मुठींवर आणि सलामांवर बोलताहेत, पावतीवर कोणीच नाही. माँट्रियलने १९७६ चं ऑलिंपिक भरवलं आणि त्याचं कर्ज फिटलं २००६ मध्ये. तीस वर्षं! त्या स्पर्धेनंतर जन्मलेल्या माणसानेही सिगारेटवरच्या करातून ते फेडलं. सामान्य माणसाशी खेळातल्या राजकारणाचा सगळ्यात थेट संबंध हा आहे, आणि त्यावर वाद घालायला कोणाला रस नसतो. बघा, याही प्रतिसादाला उत्तर येणार नाही.

मधली यष्टी

@हिशोबनीस, येईल, वेगळा धागा काढा. :)

@शेवटचा लॅप, डेव्हिस कपचं खरं आहे, ते मलाही खुपतं. सरसकट बहिष्काराचं समर्थन मीही करणार नाही. पण व्हेरा चास्लाव्स्का आठवते का? चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे तिच्या देशात शिरले आणि ऑक्टोबरमध्ये ती मेक्सिकोत पदकमंचावर होती. सोव्हिएत राष्ट्रगीत सुरू झालं तशी तिने मान खाली घालून चेहरा वळवला. बास. यात कुणाचा खेळ बिघडला? घरी परतल्यावर तिला वर्षानुवर्षं बाजूला टाकलं गेलं. तिला कोणत्या तोंडाने म्हणायचं की तू आपली उड्या मार?

शेवटचा लॅप

नाही म्हणणार. तिथे मी गप्प बसेन, आणि तिसरी पंच यांचा शून्याचा मुद्दाही माझ्याकडे परतवायला नाही.

पण माझी खरी भीती वेगळी आहे. १९३८ मध्ये इंग्लंडचा फुटबॉल संघ बर्लिनला खेळायला गेला. राजनैतिक शिष्टाचार म्हणून खेळाडूंना नाझी सलाम करायला लावला. सामना ६-३ ने जिंकले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो फोटो. तेव्हा हात उचलायला वरच्यांनी सांगितलं. आता प्रेक्षक सांगतात. अमक्याने निषेध का नाही केला, तमकी गप्प का, हिने निषेध म्हणून गुडघा टेकला मग त्याने का नाही. वीस वर्षांच्या पोराला जगातल्या प्रत्येक युद्धावर मत असलंच पाहिजे का? चास्लाव्स्काला मान वळवायचा हक्क होता. शेजारी उभी असलेली दुसरी एखादी सरळ बघत राहिली असती तर तिला फाडून खायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

मधली यष्टी

कोणीच नाही. हे मान्य. पण मग तुमचं-माझं भांडण कशावर उरलं? 'तू आपला खेळ बाबा' हे तुम्ही अजून म्हणणार की नाही?

शेवटचा लॅप

म्हणणार. फक्त आधी उद्घाटनाच्या व्यासपीठावरच्यांना.

हिशोबनीस

त्या व्यासपीठाचा खर्च कोणी दिला?